वाचकांचे प्रश्न: मोटारसायकलवरील रडार डिटेक्टर

महामार्गावरील वेगतपासणीविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत या महिन्यात एकाच उपकरणाची चौकशी आहे. पोलिसांच्या वेगमापक यंत्राची चाहूल देणारा रडार डिटेक्टर मोटारसायकलवर बसवावा का, बसवायचा झाल्यास कसा बसवावा आणि त्याचा खरोखर किती उपयोग होतो, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. निवडक पत्रे संक्षिप्त स्वरूपात देऊन त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: माझ्या मामेभावाने अमेरिकेतून येताना एक रडार डिटेक्टर माझ्यासाठी आणला असून, तिथे त्याच्या मोटारीत त्याला त्याचा चांगला अनुभव आला आहे. मी सुट्टीच्या दिवशी ३५० सीसीच्या मोटारसायकलवरून कराड ते पुणे असा प्रवास करतो. खंबाटकी घाटाच्या अलीकडे आणि तासवडे, आनेवाडी टोलनाक्यांच्या परिसरात वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी असलेली मी पाहिली आहे. हा डिटेक्टर मला तिची आगाऊ सूचना देईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर: फार क्वचित देईल, आणि जेव्हा देईल तेव्हा बहुधा आपला वेग मोजून झालेला असेल. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

रडार डिटेक्टर हा केवळ एक रेडिओ ग्राहक आहे. तो स्वतः काही मोजत नाही. पोलिसांच्या रडार गनमधून निघालेल्या सूक्ष्मलहरी आपल्या गाडीपर्यंत पोहोचल्या, की त्या ओळखून तो आवाज करतो किंवा दिवा लावतो. रडार गन ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालते. हॉर्न वाजवत समोरून आलेली एसटी आपल्याला ओलांडून गेली की हॉर्नचा सूर जसा एकदम उतरतो, तसाच बदल धावत्या वाहनावर आदळून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत होतो. २४.१५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनमध्ये हा बदल ताशी १ किलोमीटर वेगामागे सुमारे ४५ हर्ट्झ इतका असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला तो साधारण ३,६०० हर्ट्झ भरतो, आणि त्यावरून गन वेग दाखवते. गनला स्वतःची लहर वाहनापर्यंत जाऊन परत यावी लागते, तर डिटेक्टरला ती एकाच बाजूने पोहोचली तरी पुरते. त्यामुळे मोकळ्या, सरळ रस्त्यावर गनला वाहन नीट कळण्याच्या कितीतरी आधी डिटेक्टर बोलू लागतो. अमेरिकेत पोलीस १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक्स, २४ गिगाहर्ट्झचा के आणि ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधील केए या पट्ट्यांतील रडार वापरत आले आहेत. आपल्या मामेभावाचा अनुभव त्या परिस्थितीतला आहे.

आपल्या महामार्ग पोलिसांकडे, विशेषतः इंटरसेप्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांत, प्रामुख्याने लेझर स्पीड गन असते. ती रेडिओ लहरी सोडतच नाही. साधारण ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रकाशाचे स्पंद ती सोडते आणि ते परतायला लागणाऱ्या वेळेवरून वाहनाचे अंतर पुन्हा पुन्हा मोजून त्या अंतरातील फरकावरून वेग काढते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत पार पडते. शिवाय हा झोत ३०० मीटर अंतरावरही जेमतेम १ मीटर रुंदीचा असतो, त्यामुळे पुढच्या वाहनावर रोखलेल्या गनचा प्रकाश मागून येणाऱ्या आपल्या मोटारसायकलवर पडण्याची शक्यता अगदी कमी राहते. बऱ्याच डिटेक्टरांत लेझर ओळखणारी काचही असते, परंतु तिच्यावर प्रकाश पडला याचा अर्थ गन आपल्यावरच रोखली गेली आहे आणि आकडा पडद्यावर उमटला आहे, असाच घ्यावा लागतो.

गन रडारची असली तरी घाटात आणखी एक अडचण येते. सूक्ष्मलहरी सरळ रेषेत जातात आणि खंबाटकीसारख्या घाटात वळणापलीकडून येणारी लहर मधल्या डोंगरामुळे अडते. दुसरीकडे, जिथे प्रत्यक्षात पोलीस नाहीत तिथे हे उपकरण वारंवार वाजत राहील. दुकानांची आपोआप उघडणारी दारे, वाहनाचा वेग दाखवणारे रस्त्याकडेचे फलक आणि अनेक मोटारींतील बाजूचे वाहन ओळखणारी यंत्रणा २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतात. अशी एखादी मोटार आपल्यापुढे किंवा शेजारून धावत असेल, तर डिटेक्टर थांबून थांबून इशारा देत राहतो आणि काही दिवसांतच चालक त्याच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. सरासरी वेगावर आधारलेल्या तपासणीपुढे तर हे उपकरण पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण तिथे दोन ठिकाणी वाहन क्रमांक टिपून मधल्या अंतराला लागलेला वेळ मोजतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून चारचाकींसाठी अशी यंत्रणा सुरू आहे.

प्रश्न: माझ्याकडे रडार डिटेक्टर आहे आणि मी तो १६० सीसीच्या मोटारसायकलवर बसवणारच आहे. तो नेमका कुठे बसवावा आणि वीज कुठून घ्यावी? गाडीला मोबाइल चार्ज करण्याचे यूएसबी सॉकेट आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: आपला निर्णय झालेला असल्यामुळे काम निर्धोक कसे करावे एवढेच सांगतो, कारण चुकीच्या बसवणुकीमुळे होणारे नुकसान दंडापेक्षा मोठे असू शकते.

प्रथम जागा. मोटारीत डिटेक्टर पुढच्या काचेला लावतात आणि तिथे तो पाऊस, धूळ व धक्क्यांपासून सुरक्षित असतो. मोटारसायकलवर यांपैकी काहीच मिळत नाही. उपकरणाचा अँटेना पुढच्या दिशेला, रस्त्याला समांतर आणि कोणत्याही धातूच्या आड न येता राहिला पाहिजे. प्लास्टिकच्या वाऱ्याच्या काचेतून सूक्ष्मलहरी जातात, परंतु हेडलाइटच्या धातूच्या कड्या, ब्रेक व क्लचच्या केबल्स किंवा मीटरचा डबा मध्ये आल्यास त्या अडतात. म्हणून हँडलच्या मधोमध, फोर्कच्या वरच्या पट्टीवर क्लॅम्प लावून उपकरण थोडे उंच घ्यावे. आरशाच्या दांडीला ते बांधू नये, कारण तिथे कंपन सर्वाधिक असते आणि आरसाही स्थिर राहत नाही. टाकीवरच्या पिशवीत ठेवल्यास कापडातून रेडिओ लहरी पोहोचतात, पण लेझरची काच पूर्णपणे आंधळी होते. मागच्या बाजूने येणारी लहर मात्र कुठेही बसवले तरी नीट मिळणार नाही, कारण मधे चालकाचे शरीर असते आणि शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते.

जागा ठरल्यावर गाडीवर नेहमीच्या पद्धतीने बसून पाहावे. स्पीडोमीटर, इंडिकेटरची खूण, इंधनाचा काटा आणि इंजिनच्या बिघाडाचा दिवा यांपैकी काहीही झाकले जात असेल, तर ती जागा रद्द करावी. त्यानंतर हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवून वायर ताणली जात नाही ना, आणि क्लॅम्प टाकीला किंवा केबलला घासत नाही ना, हे पाहावे. हँडल अर्ध्यावर अडकणे म्हणजे गर्दीतल्या वळणावर हमखास पडणे. एक सिलिंडरच्या गाडीत कंपन जास्त असल्यामुळे क्लॅम्प आणि उपकरण यांच्यामध्ये रबराचे वॉशर घालावेत, नटाला लॉकनट लावावा आणि क्लॅम्प तुटला तरी उपकरण पुढच्या चाकात जाऊ नये यासाठी एक वेगळी मजबूत दोरी हँडलला बांधून ठेवावी. ही दोरी अनेकजण अनावश्यक समजतात, पण मी तिच्याशिवाय कोणतेही उपकरण हँडलवर लावू देणार नाही.

आता वीज. मोटारीत वापरायचे बहुतेक डिटेक्टर १२ व्होल्टवर चालतात, तर आपल्या यूएसबी सॉकेटमधून ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे ते सॉकेट इथे उपयोगी नाही. उपकरणाला लागणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी असल्यामुळे स्वतंत्र रिलेची गरज नसते. चावी चालू केल्यावरच वीज मिळणाऱ्या टेल लॅम्पच्या किंवा पार्किंग लाइटच्या लाइनवरून जोडणी घ्यावी आणि जिथून ती घेतली तिथेच, उपकरणाजवळ नव्हे, १ अँपिअरचा फ्यूज बसवावा. पुढे कुठेही वायरचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, तरी फक्त हा फ्यूज उडेल आणि गाडीचा दिवा चालू राहील. इंधन पंप, इंजिनचे नियंत्रण किंवा एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) यांच्या फ्यूजला मात्र हात लावू नये. बॅटरीवरून थेट जोडणी केल्यास काय होते, याचा हिशेब सोपा आहे. उपकरणाने पाव अँपिअर प्रवाह घेतला, तर संध्याकाळी सहाला लावलेल्या गाडीतून सकाळी दहापर्यंत ४ अँपिअर-तास वीज निघून जाते, आणि या वर्गातील गाडीची बॅटरी बहुधा ४ ते ६ अँपिअर-तासांचीच असते.

जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी दाबून बसवलेले कप्लर वापरावेत, कारण सततच्या कंपनाने पिळलेला जोड सैल होतो आणि डाग दिलेला जोड कडेला तडकतो. वायर मूळ वायरिंगच्या सोबतीने न्यावी, ती सायलेन्सरपासून आणि इंजिनच्या पंख्यांपासून दूर राहील असे पाहावे. मूळ वायरिंग कापू नये. इंधन इंजेक्शनच्या गाडीत असे कापकाम आढळल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

प्रश्न: हेल्मेटमध्ये डिटेक्टरचा आवाज ऐकू येत नाही. इअरफोन लावून तो ऐकावा का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर: इअरफोन लावू नयेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या घरात असतो. त्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवत नेता आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न, स्वतःच्या साखळीची कुरकुर, रुग्णवाहिकेचा भोंगा हे सारे आपल्यापर्यंत पोहोचेनासे होते.

बाजारात मिळणारा दुसरा उपाय म्हणजे मीटरजवळ बसणारा लहान दिवा. तो तुलनेने बरा आहे, परंतु त्याचीही किंमत मोजावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटारसायकल दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. दिवा लागला, नजर खाली गेली, पट्टा कोणता ते पाहिले आणि नजर पुन्हा वर आली, यात दोन सेकंद गेले तर रस्ता न पाहता आपण ४४ मीटर कापलेले असतात. याहून मोठा धोका त्यानंतरच्या प्रतिक्रियेत आहे. इशारा मिळताच चालक सवयीने एकदम ब्रेक दाबतो. मोटारीत तेवढ्याने टायर किंचाळतात, पण दुचाकीवर, विशेषतः वळणात किंवा वाळू सांडलेल्या जागी, पुढचे चाक निसटते आणि मागच्या वाहनाला थांबायला अंतर उरत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ८० वरून थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, साधारण ६० ते ६५ मीटर लागतात. १०० वरून थांबायला ९० मीटरांच्या आसपास लागतात. आपल्या मागे उसाने किंवा सिमेंटने भरलेला ट्रक असेल, तर त्याला यापेक्षा बरेच अधिक लागतील.

प्रश्न: माझा मुलगा रोज वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला नोकरीस जातो. त्याने मोटारसायकलला असे यंत्र लावले आहे. हे बेकायदेशीर आहे का? त्याला पोलीस पकडतील का, याची मला काळजी वाटते.
— एक आई, वाई

उत्तर: ताई, आपली काळजी रास्त आहे, परंतु ती पकडले जाण्यापेक्षा घाटाच्या वेगाविषयी असावी असे मला मनापासून वाटते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये रडार डिटेक्टरचे नाव घेऊन बंदी घातलेली नाही. तथापि उपकरण असले तरी वेगमर्यादा ओलांडण्याचा गुन्हा तसाच राहतो. कलम १८३ नुसार हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. परदेशातून आलेल्या रेडिओ उपकरणांना दूरसंचारविषयक कायदेही लागू होऊ शकतात, त्यामुळे ते कुठून घेतले, पावती आहे का, हे मुलाला विचारून ठेवावे. इतर देशांत याबाबत एकवाक्यता नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन वगळता खासगी मोटारीत असे उपकरण चालते, तर फ्रान्स आणि जर्मनीत त्याच्या वापराला मनाई आहे.

पसरणी घाटात कोणताही डिटेक्टर त्याला वळणापलीकडे उभी असलेली बस, रस्त्यावर आलेली दरड किंवा धुक्यात थांबलेली मोटार दाखवणार नाही. अशा दुपदरी रस्त्यांवर मोटारसायकलसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, आणि घाटातील फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच लागू होतो. ते यंत्र काढून टाक असे सांगण्यापूर्वी त्याला घरून दहा मिनिटे आधी निघायला सांगावे. उशीर झाला नाही तर त्या यंत्राची त्याला गरजही फारशी वाटणार नाही.

प्रश्न: लेझर गन निकामी करणारा जॅमर मिळतो असे ऐकले आहे. तो लावावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: मुळीच नाही. डिटेक्टर फक्त ग्रहण करतो, जॅमर मात्र पोलिसांच्या मोजणीत जाणीवपूर्वक अडथळा आणतो. सिग्नल अडवणारी उपकरणे शासनाच्या विशेष परवानगीशिवाय वापरणे बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. क्रमांकपाटीवर काच, जाळी किंवा चकाकणारा थर लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मानू नये.

प्रश्न: पुण्याहून साताऱ्याला येताना माझ्या मोटारसायकलचा वेग ताशी ९१ किलोमीटर होता म्हणून ई-चलन आले. महामार्गावरील फलकावर १०० असा आकडा होता. शिवाय शेजारून एक मोटार वेगाने गेली होती. चलन चुकीचे आहे असे मला वाटते. डिटेक्टर असता तर पुरावा मिळाला असता का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: डिटेक्टर कोणताही पुरावा नोंदवत नाही, त्यामुळे तो असता तरी उपयोग झाला नसता. आपल्या पत्रातील मुख्य मुद्दा वेगळाच आहे, आणि तो अनेक दुचाकीस्वारांना ठाऊक नसतो. दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मोटारींसाठी आहे. त्याच रस्त्यावर मोटारसायकलसाठी ती ८० आहे. नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत ती ६० आहे. राज्य शासन किंवा स्थानिक प्रशासन यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकते. तेव्हा ९१ हा आकडा बरोबर असेल, तर चलनही बरोबर आहे.

आकडा आपल्याच गाडीचा आहे का, ही शंका मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. रडार गनचा झोत रुंद असल्यामुळे लहान मोटारसायकलऐवजी शेजारच्या मोठ्या वाहनाचा वेग धरला जाण्याची शक्यता असते. लेझर गनमध्ये ती बरीच कमी आहे, कारण तिची खूण विशिष्ट वाहनावर रोखलेली असते आणि छायाचित्रात ती सहसा दिसते. गन रस्त्याच्या कडेला तिरकी धरली असेल, तर येणारी चूक चालकाच्या फायद्याचीच असते: १० अंशांच्या कोनात ८० चा वेग सुमारे ७९ दिसतो, २० अंशांत तो ७५ दिसतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला नियम १६७-अ आपल्या कामाचा आहे. त्यानुसार अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांना राज्याच्या अधिकृत यंत्रणेचे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. तपासणीच्या टप्प्याआधी तशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावावे लागतात. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी लागते आणि छायाचित्रात तारीख, वेळ, ठिकाण, वाहन क्रमांक व मोजलेला वेग यांची नोंद असावी लागते. आपल्या चलनासोबतचे छायाचित्र मोठे करून हे सर्व तपासावे. क्रमांक दुसऱ्याचा असेल, खूण शेजारच्या मोटारीवर असेल किंवा त्या वेळी आपण तिथे नव्हता, तर महाट्रॅफिक अॅपमधील तक्रारीच्या विभागात छायाचित्रासह हरकत नोंदवावी. हरकत नोंदवताना केवळ मुद्दा आणि पुरावा लिहावा. पोलिसांविषयीचा राग तिथे लिहून उपयोग होत नाही.

पुढील प्रवासासाठी आपल्या स्पीडोमीटरची जीपीएसच्या वेगाशी सरळ रस्त्यावर तुलना करून ठेवावी. बहुतेक स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे काटा ८० वर असेल तर आपण सहसा मर्यादेच्या आतच असता.

प्रश्न: डिटेक्टरसाठी काही हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. साखर कारखान्यांच्या हंगामात मी पेठ नाका ते सांगली असा रात्रीचा प्रवास करतो. दुसरे काही घेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, आष्टा

उत्तर: होय, आणि आपण हा प्रश्न विचारलात याचे समाधान वाटते. हंगामात त्या रस्त्यावर खरा धोका पोलिसांच्या गनचा नसून मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉलीचा आणि रस्त्यावर पडलेल्या मोळ्यांचा आहे. समोरच्या वाहनाच्या झगमगाटात अशी ट्रॉली शेवटच्या काही मीटरांवर दिसते. पैशांचा पहिला वाटा टायरांना द्यावा. खाचांतील झिजेची खूण पृष्ठभागाशी आली असेल तर दोन्ही टायर बदलावेत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. आपली गाडी त्याआधीची असेल, तर ब्रेकपॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घेण्यास प्राधान्य द्यावे. हेडलाइटची उंची गाडीवर स्वतः बसून, टायरात योग्य हवा असताना लावून घ्यावी, कारण स्टँडवर लावलेली उंची चालक बसल्यावर वर सरकते. उरलेल्या रकमेतून रात्रीसाठी रंगहीन, ओरखडे नसलेले वायझर आणि पाठीवर परावर्तक पट्टी असलेले जाकीट घ्यावे. कुठे वेगतपासणी, गतिरोधक किंवा तीव्र वळण आहे, हे नकाशाचे अॅप प्रवासाआधीच दाखवते. ते निघण्यापूर्वी पाहून मोबाइल खिशात ठेवावा.